लिफ्ट उचलत नाही, तेव्हा

आषाढात धानाच्या बांध्यांमध्ये पाणी साठतं, पऱ्हे रोवणीला येतात आणि नेमकी त्याच वेळी जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट मान टाकते. इंजिन खणखणीत चालू असतं, चाकंही ओढत असतात. पण लिव्हर वर घेतली की चिखलातला रोटाव्हेटर अर्ध्यावर येऊन थबकतो, थरथरतो आणि पुन्हा खाली बसू लागतो. अवजार वर आलं नाही तर बांधाशी वळता येत नाही आणि एका बांधीतून दुसरीत जाता येत नाही. इंजिन ठीक असूनही ट्रॅक्टर निकामी ठरतो, तो असा.

रायपुरात पंडरी म्हटलं की कापड बाजार डोळ्यांसमोर येतो. पण पंडरीवरून मोवा, सड्डू ओलांडून बलौदाबाजारच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं आणि धानाची शेतं सुरू होतात. इथला शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचवट्यावरची मुरमाड जमीन ती भाठा, खोलगट भागातली काळी चिकण ती कन्हार. पश्चिमेला गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीतही कन्हार हेच नाव चालतं. ओली कन्हार अवजाराला लगदून बसते आणि त्याचं वजन वाढवते. चिखलणीत मागचा धुरा गढूळ पाण्यात बुडतो. त्याआधी मे महिन्यात नांगरणी होते, तेव्हा पारा 44-45 अंशांना टेकलेला असतो. चिखल, पाणी आणि उष्णता हे हायड्रोलिकचे तिन्ही वैरी या पट्ट्यात एकाच वर्षात आलटून पालटून भेटतात.

म्हणून या प्रकरणात एकच गोष्ट पक्की समजून घ्यायची आहे. लिफ्ट दुबळी झाली म्हणजे पंप गेला, असं धरून चालू नये. पंप हा शोधाचा शेवटचा मुक्काम असतो. त्याआधी तेल, जाळी, हवा, लिव्हर आणि व्हॉल्व्ह यांची तपासणी व्हायला हवी, कारण ती स्वस्त आहे आणि बरेचदा दोष तिथेच सापडतो.

पंप तेल ढकलतो, दाब ओझ्यामुळे येतो

लिफ्टची रचना थोडक्यात अशी. टाकीतलं किंवा गिअरबॉक्समधलं तेल जाळीतून पंपाकडे जातं. पंप ते कंट्रोल व्हॉल्व्हकडे पाठवतो. या भागाला आपल्याकडे मिस्त्री डिस्ट्रिब्युटर म्हणतात. लिव्हर वर घेतली की तेल सिलिंडरमध्ये जातं आणि पिस्टनला ढकलतं. पिस्टन रॉकर शाफ्ट फिरवतो आणि लिफ्टचे हात वर येतात. दाब प्रमाणाबाहेर गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत टाकीत सोडतो.

पंप दाब तयार करतो, असं सरसकट म्हटलं जातं. वास्तविक पंप फक्त तेल ढकलतो. पुढे ओझं अडलेलं असतं म्हणून दाब चढतो. ढकललेलं तेल वाटेत कुठे निसटलं, तर तो चढत नाही. म्हणजे दुबळ्या लिफ्टचं निदान करताना दोनच प्रश्न विचारायचे असतात. पंपाला पुरेसं तेल मिळतंय का? आणि मिळालेलं तेल सिलिंडरपर्यंत पोचून तिथे टिकतंय का?

आकड्यांत पाहू. समजा, एका छोट्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पिस्टन 75 मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण 44 चौरस सेंटिमीटर भरतं. तेलाचा दाब 150 बार असेल तर पिस्टनवर सुमारे 6,700 किलोचा जोर येतो. पिस्टन 10 सेंटिमीटर सरकला की लिंकचं टोक 55 सेंटिमीटर वर जातं, असं धरलं तर टोकाशी जोर साडेपाच पटींनी कमी होतो. घर्षण सोडून 1,200 किलोच्या आसपास उरतो.

आता वेग. पूर्ण उचलायला 440 मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटरही तेल लागत नाही. इंजिन 2,100 फेऱ्यांवर असताना पंप मिनिटाला 15 लिटर देत असेल, तर अवजार पावणेदोन सेकंदांत वर येतं. पण समजा, पंप झिजलाय आणि दाबाखाली मिनिटाला 4 लिटर तेल आतल्या आत मागे गळतंय. पूर्ण रेसवर उरतात 11 लिटर. लिफ्ट अडीच सेकंदांत उचलते आणि मालकाच्या लक्षातही येत नाही. इंजिन 700 फेऱ्यांवर आणलं की पंप देतो 5 लिटर, त्यातले 4 गळतात आणि उरतो 1 लिटर. तेच अवजार वर यायला आता जवळजवळ 26 सेकंद लागतात. तेल तापून गळती आणखी एका लिटरने वाढली, तर लिफ्ट जागची हलतही नाही.

“रेस दिली की उचलते, सोडली की नाही” ही तक्रार का येते, ते या हिशेबातून कळतं. झीज आधी कमी फेऱ्यांवर दिसते आणि नंतर सगळीकडे. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. त्यामुळे कित्येक वर्षं ठीक चाललेला पंप शेवटच्या हंगामात झपाट्याने ढासळतो.

हात घालण्याआधी

वर उचललेल्या अवजाराखाली हात, पाय किंवा डोकं कधीही घालू नका. लिफ्ट बरी असली तरी नाही, आणि दुबळी असेल तर मुळीच नाही. काम करायचंच असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा आणि मग इंजिन बंद करा. कुठलाही पाइप सैल करण्याआधी अवजार जमिनीला टेकवा, इंजिन बंद ठेवून लिव्हर वर-खाली करा आणि अडकलेला दाब मोकळा होऊ द्या.

दाबाच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं असेल तर ते बोटाने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. दीडशे बारवरची तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. वरून दिसतो फक्त बारीक ठिपका, आणि आत मांस सडायला सुरुवात होते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी इस्पितळात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

लक्षण नेमकं काय?

“लिफ्ट खराब आहे” एवढ्याने मिस्त्रीलाही काही कळत नाही. लक्षण वेगळं करून सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं.

लिफ्ट मुळीच उचलत नसेल तर पंप फिरतोय का, तेल आहे का आणि लिव्हरची आतली जोडणी सुटली आहे का, हे पाहावं. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालतो, त्यांत पीटीओ गुंतवलेला नसेल तर पंप फिरतच नाही. फर्ग्युसनच्या टीई-20 ची रचना अशीच होती.

थंड असताना बरी उचलते आणि तासाभराने ढेपाळते, हे आतल्या गळतीचं लक्षण. तेल तापलं की पातळ होतं. सर्वसाधारण 68 ग्रेडच्या हायड्रोलिक तेलाचा दाटपणा 40 अंशांवरून 80 अंशांवर जाताना चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो.

याच्या उलट, सकाळी थंडीत कण्हते आणि तापल्यावर सुधारते, तेव्हा तेल पंपापर्यंत पोचायला अडचण आहे असं समजावं. जाळी तुंबलेली असते किंवा तेल गरजेपेक्षा दाट असतं.

झटके देत उचलते, उचलताना पंप किंचाळतो, डिपस्टिकवर फेस दिसतो, ही सगळी हवेची चिन्हं आहेत.

आणि झपकन उचलते, पण इंजिन बंद करताच खाली येते, तेव्हा पंप बहुधा निर्दोष असतो. तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटत असतं.

तेल काय सांगतं

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, लिफ्टचे हात खाली करा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी कमी असेल तर उतारावर किंवा धक्क्यात पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. टिपिंग ट्रॉली जोडून तेल बाहेरच्या सिलिंडरमध्ये जात असेल, तर तेवढी भर धरूनच पातळी राखावी लागते.

मग रंग पाहा. ताकासारखं पांढुरकं तेल म्हणजे त्यात पाणी आहे. धानपट्ट्यात हा दोष विशेष आढळावा, यात नवल नाही. जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि लिफ्ट यांचं तेल बहुधा एकच असतं. चिखलणीत केजव्हील लावून तास न् तास पाण्यात चालल्यावर धुऱ्याच्या झिजलेल्या ऑइल सीलमधून, पीटीओच्या सीलमधून किंवा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी आत जातं. गिअरबॉक्सचं तापलेलं घर थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ओलावा आत खेचते.

शंका असेल तर थोडं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर स्थिर ठेवा. मोकळं पाणी तळाशी बसतं. किंवा तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. अशा वेळी दुसरा पर्याय नाही, तेल बदलावंच लागतं. पण सील न बदलता तेल बदललं तर पुढच्या चिखलणीत पुन्हा तेच होईल.

काळपट, जळका वास येणारं तेल फार तापलेलं असतं. तेलात चंदेरी चमक दिसली तर पंप किंवा गिअर झिजत आहेत. फेस असेल तर हवा आहे.

नवं तेल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. गिअरसाठी म्हणून 90 नंबरचं दाट तेल सरसकट ओतलं, तर ज्या ट्रॅक्टरात त्याच तेलावर लिफ्टचा पंप चालतो तिथे तो थंडीत उपाशी राहतो. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर त्यांना वेगळं, युटीटीओ प्रकारचं तेल लागतं. आतून धुण्यासाठी डिझेल घातलं आणि ते पुरतं निथळू दिलं नाही, तर नवं तेल पातळ होतं आणि गळती वाढते.

जाळी आणि हवा

तेलानंतर पाळी जाळीची. वर्षानुवर्षं न काढलेली जाळी हातात घेतली की तिच्यावर राखाडी साका चिकटलेला दिसतो. त्यात गिअरची झीज, सीलचे तुकडे, गॅस्केटच्या जादा सोल्यूशनचे तंतू आणि बारीक माती असते. बोटावर घेऊन चोळा. मऊ लागला तर साधा गाळ. खरखरीत लागला आणि उन्हात चमकला तर धातू आहे. त्यात पितळी पिवळट छटा असेल तर ती बुशची झीज असू शकते, आणि मग पंपावरचा संशय वाढतो. लोहचुंबक फिरवलं की लोखंडाचा कीस वेगळा निघतो.

जाळी डिझेलमध्ये धुवा, आतून बाहेर हवा मारा आणि उजेडासमोर धरून प्रत्येक भोक मोकळं झालंय का ते पाहा. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊन पुन्हा लावू नये, बदलावा. जाळीखालची ओ-रिंग त्याच वेळी नवी घाला. काही रुपयांच्या या कडीसाठी पुढे पंप उतरवण्याची वेळ येऊ शकते.

कारण हवा याच वाटेने आत येते. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, तिथे ओढ असते. फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढताना तोंडात हवाच जास्त येते, तसं इथे घडतं. म्हणूनच हा दोष फसवा असतो. दाबाचा पाइप फुटला तर जमिनीवर तेल दिसतं. ओढीचा पाइप ढिला असला तर बाहेर एक थेंबही येत नाही आणि आत हवा जात राहते.

तपासायची जुनी रीत आजही उपयोगी आहे. इंजिन मंद चालू ठेवा. ओढीच्या पाइपचा एक जोड घ्या आणि त्याच्याभोवती दाट ग्रीस नीट लिंपा. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. अर्धा मिनिट थांबा आणि पंपाचा आवाज ऐका. किंचाळणं कमी झालं, लिफ्टचे झटके मंदावले, तर चोर सापडला. नाहीतर ग्रीस पुसून पुढचा जोड घ्या. एकाच वेळी सगळ्या जोडांना ग्रीस लावलं तर नेमका कोणता जोड बदलायचा, ते कळणार नाही.

जोड घट्ट करून तेल भरल्यावर अवजार न जोडता लिफ्ट सावकाश वर-खाली करा. अडकलेली हवा निघते. मग पातळी पुन्हा पाहा.

गेज लावल्याशिवाय पंप उतरवू नका

इथवर सगळं तपासूनही लिफ्ट दुबळीच असेल, तर आता मोजमाप हवं. दाबाच्या वाटेवर चाचणीसाठी प्लग किंवा बाहेरच्या अवजारासाठी जोड असतो. तिथे 250 बारपर्यंतचं गेज लावा. तेल कामाइतकं गरम होऊ द्या, कारण थंड तेलावर घेतलेलं माप दिलासा देतं आणि फसवतं. लिफ्ट अगदी वरच्या टोकाला नेऊन क्षणभर धरा आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडण्याचा आवाज येताच आकडा पाहा. जास्त वेळ धरलं तर तेल वेगाने तापतं. छोट्या ट्रॅक्टरांत हा दाब साधारण 120 ते 200 बारच्या दरम्यान असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल.

दाब पुरेसा आहे, पण लिफ्ट उचलत नाही? मग दोष सिलिंडर, व्हॉल्व्ह, लिव्हरची जोडणी किंवा अवजाराच्या वजनात आहे. दाब सगळ्या फेऱ्यांवर एकाच खालच्या आकड्याला अडतो? रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्या. त्याच्या बैठकीवर कचरा अडकतो किंवा स्प्रिंग ढिली पडते. रेस वाढवली की दाब वाढतो आणि कमी केली की कोसळतो? मग पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी.

ट्रॉलीचा सिलिंडर त्याच पंपावर चालत असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. भरलेली ट्रॉली नेहमीसारखी उलटते आणि लिफ्ट मात्र उचलत नाही, तर पंप बहुधा निर्दोष ठरतो.

या टप्प्यावर एक मोह टाळावा. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे चकत्या घालून दाब वाढवता येतो आणि दोन दिवस लिफ्ट जोमात दिसते. पण झिजलेल्या पंपावर आणि जुन्या बिडाच्या घरावर तो जादा भार पडतो. घराला तडा गेला तर दुरुस्ती कित्येक पटींनी महाग पडते. चकत्या घालायच्या असतील तर गेज लावून आणि पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंतच.

उचलते, पण धरत नाही

अवजार वर घ्या, इंजिन बंद करा आणि पट्टीने जमिनीपासूनचं अंतर मोजत राहा. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला 1955 पासून केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची परीक्षा होते तेव्हा उचललेलं ओझं अर्ध्या तासात किती खाली बसतं, याची दर पाच मिनिटांनी नोंद घेतात. आपल्याला तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. अर्ध्या तासात थोडं बसलं तर जुन्या ट्रॅक्टरला माफ आहे. मिनिटाभरात जमिनीला टेकलं तर आतली सील पाहायलाच हवीत.

लिफ्टचं झाकण उघडता येत असेल तर सिलिंडरच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड टाका. ओझं वर असताना पिस्टनच्या कडेने तेल झिरपताना दिसलं तर पिस्टनचं सील गेलंय. ते कोरडं असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. सील बदलताना सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. नखाला ओरखडा जाणवला तर नवं सीलही फार टिकणार नाही. पाण्याने गंजलेल्या सिलिंडरला होनिंग करावं लागतं किंवा तो बदलावा लागतो.

लिफ्टचा दोष नसतो तेव्हा

उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने 1926 मध्ये पेटंट मिळवलेल्या रचनेत ट्रॅक्टर आणि नांगर एकजीव झाले. नांगरावरचा ताण वाढला की लिफ्ट त्याला आपोआप थोडं वर घेते. आजच्या ट्रॅक्टरांतलं ड्राफ्ट कंट्रोल त्याच कल्पनेतून आलं. पण ड्राफ्ट आणि पोझिशन अशा दोन लिव्हर आल्या, तसा घोटाळाही आला. ड्राफ्टची लिव्हर चुकीच्या जागी राहिली तर अवजार आपणहून वर-खाली होतं आणि मालकाला वाटतं लिफ्ट बिघडली. रोटाव्हेटर पोझिशन कंट्रोलवर चालवायचा असतो आणि नांगर ड्राफ्टवर.

दुसरी गोष्ट वजनाची. महिंद्राच्या 15 अश्वशक्तीच्या युवराज 215 ची उचलक्षमता 778 किलो सांगितली जाते. असे आकडे लिंकच्या टोकाशी मोजलेले असतात. अवजाराचं वजन मात्र टोकाच्या मागे असतं, आणि ते जितकं मागे तितकी लिफ्ट कमी उचलते. म्हणूनच परीक्षणात टोकाच्या 610 मिलिमीटर मागेही माप घेतात. मोठ्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर स्वस्तात मिळाला म्हणून छोट्याला जोडला आणि वर कन्हार चिकटली, तर पंप बदलून काहीच साधणार नाही.

रोवणीच्या आधी

या सगळ्या तपासण्या आषाढात करायच्या नाहीत. त्यांची वेळ उन्हाळ्यात, नांगरणी संपल्यावर आणि पहिल्या पावसाच्या आधी. तेल पाहणं, जाळी धुणं, धुऱ्याचं आणि पीटीओचं सील तपासणं, ओढीच्या पाइपच्या ओ-रिंग बदलणं हे एका दिवसात होतं. चिखलणी आटोपल्यावर तेल पुन्हा एकदा पाहावं, कारण पाणी शिरलं असेल तर ते तेव्हाच शिरलेलं असतं. मंद आणि पूर्ण रेसवर लिफ्ट किती सेकंदांत वर येते आणि इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासात किती बसते, हे तीन आकडे दर उन्हाळ्यात वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.

अशी वही घेऊन मिस्त्रीकडे जाणाऱ्या मालकाला “पंप बदला” हे उत्तर निमूटपणे मान्य करावं लागत नाही. आकडा कधीपासून बिघडला, तेल कधी पांढरं झालं, गेजवर किती दाब दिसला, हे तो विचारू शकतो आणि सांगूही शकतो. छोट्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं आयुष्य वाढतं ते अशाच विचारपूस करण्याच्या सवयीने, आणि ही सवय लागायला मिस्त्री असावं लागत नाही.